मामंजींची नजर

माझं निम्मं आयुष्य माणसं उलटी बघण्यात गेलं. यात वेदान्त काही नाही. सांगलीत आमचा फोटोस्टुडिओ आहे आणि आमचा मोठा कॅमेरा लाकडी पेटीचा आहे. पुढं भिंग, मागं दुधी काच. काळं कापड डोक्यावरून घेऊन त्या काचेत बघितलं की समोरचा माणूस खाली डोकं वर पाय असा दिसतो. भिंगाची रीतच तशी. सुरुवातीला मान वाकडी करून बघावंसं वाटतं, मग सवय होते, आणि पुढं पुढं तर कापडातून बाहेर आल्यावर सरळ उभी असलेली माणसंच जरा चमत्कारिक दिसायला लागतात.

स्टुडिओ माझ्या सासऱ्यांनी काढला. आमच्या ह्यांचा जीव अंधाऱ्या खोलीत रमतो, कारण तिथं माणसांशी बोलावं लागत नाही. मी लग्न होऊन आले आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायला शिकले. कॅमेऱ्यामागं मात्र उभी राहिले ती एका आजीबाईंमुळं. नातसुनेला घेऊन फोटोला आल्या होत्या. हे कापडात शिरणार तेवढ्यात आजींनी त्यांना हात केला.

"थांबा वो. ह्या पेटीत आमी उलट्या दिसतो म्हनं?"

"दिसता," हे म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

"मग लुगडं?"

ह्यांचा चेहरा असा झाला की मी आतून बाहेर आले. म्हटलं, "आज्जी, लुगडंसुद्धा तुमच्याबरोबरच उलटं होतं. ते जागचं हलत नाही."

आजींनी विचार केला. म्हणाल्या, "आसंल. तरी बी कापडाखाली बाईमानूसच पायजे."

त्या दिवसापासून बायकांचे, आणि हळूहळू सगळ्यांचेच, फोटो मी काढायला लागले. माझी याहून मोठी शिफारस कुणी केली नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, फोटो म्हणजे खरं ते. दिसलं तसं उमटलं. प्रत्यक्षात आमचा धंदा लोकांच्या डोळ्यांना समजावून सांगण्याचा आहे, आणि डोळ्यांइतकं हेकट गिऱ्हाईक दुसरं नाही. एका मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो काढला होता. फोटो बघून ती रडायलाच लागली. "ही मी नव्हेच. नाक वाकडं आलंय." तिची आई म्हणते, "अगं, हुबेहूब तू आहेस." मावशीही तेच म्हणते. मी फोटो उचलून आरशासमोर धरला आणि मुलीला म्हटलं, आता आरशात बघ. ती बघत राहिली. "हां, ही मी." गोष्ट साधी आहे. प्रत्येकानं स्वतःला जन्मभर आरशातच बघितलेलं असतं, डाव्याचं उजवं झालेलं. फोटो मात्र आपल्याला जग बघतं तसं दाखवतो. मुलगी डोळे पुसून फोटो घेऊन जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, "म्हणजे लोक मला रोज असं बघतात?"

मी फोटो पाकिटात घालून दिला.

निगेटिव्हवरच्या कामाचंही तसंच. सुरकुत्या, वांग, देवीचे व्रण बारीक पेन्सिलीनं बुजवायचे असतात. हे काम मी चेहरा उलटा ठेवून करते. सरळ ठेवला की समोर माणूस दिसतो आणि हात कचरतो. उलटा ठेवला की नुसते उजेडाचे आणि अंधाराचे ठिपके राहतात. यात एक धोका आहे, तो मी हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या तोंडावर शिकले. गृहस्थ अतिशय गंभीर. त्यांच्या ओठांच्या कडेची घडी मी उलटं ठेवूनच बुजवली आणि मला ती झकास वाटली. छापून सरळ केलं तर शेठ गालातल्या गालात हसत होते. उलट्या चेहऱ्यावरचं हसू डोळ्यांना उमगतच नाही, विश्वास नसेल तर घरी करून बघा. शेठनी फोटो तसाच नेऊन पेढीवर लावला आणि पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आले. गिऱ्हाइकं फोटोकडं बोट दाखवून म्हणायची, शेठ एवढे खुशीत आहेत तर भाव जरा उतरवा की. मी त्यांना दुसरा, आठ्या असलेला फोटो करून दिला. तेव्हापासून काम संपलं की काच सरळ करून बघितल्याशिवाय मी उठत नाही.

पण ज्या फोटोसाठी हे लिहायला घेतलं, त्यात माझ्या पेन्सिलीचा काही हात नव्हता.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. पंचमीच्या सुमाराला माधवनगरची एक मुलगी स्टुडिओत आली. तिचं नाव सुमन. वडील गिरणीत होते. तिला वडूजकडच्या एका खेड्यात दिलेली, नवरा फौजेत. तिच्या सासऱ्यांना सगळं गाव बापू म्हणायचं. ते वारले तेव्हा तिचा नवरा रजेवर आला होता आणि आमच्याकडून बापूंचा मोठा फोटो करून घेऊन गेला होता. चंदनी हार घालून तो सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत लावला होता. सुमननं इकडं तिकडं बघितलं, दुकानात कुणी नाही अशी खात्री केली आणि हळूच म्हणाली,

"बाई, येक काम हाय. मामंजींचं डोळं जरा बाजूला करून द्या."

"बाजूला म्हणजे कुठं?"

"कुटं बी. खिडकीकडं करा, शिवाराकडं करा. माझ्यावरनं तेवढं काढा."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. ती लग्नाआधी शिवण शिकली होती. माहेरच्यांनी पायमशीन दिलेलं. शाळेच्या पोरांचे गणवेश, झंपर, असं काम गावात भरपूर होतं. दुष्काळात घरातली जनावरं गेलेली, त्यामुळं या कामाची घराला गरजही होती. घराच्या आत अंधार, सुई ओवायचीही पंचाईत. उजेड तेवढा सोप्यात. आणि सोप्यात बापू.

"मग मशीन दुसऱ्या कोपऱ्यात ठेव."

"चारी कोपरं झालं, बाई. जिथं बसीन तिथं बघत्यात. आतनं सोप्यात पाय टाकायच्या आदी बघत्यात. दाराआडनं वाकून बघितलं, तरी ते आदीच बघत बसलेलं."

"आणि तू डोक्यावर पदर घेतेस?"

"मग काय करू? येक हात पदराला, येक हात कापडाला. मशीनला तिसरा हात कुटनं आनू?"

"टॉवेल टाकायचा फोटोवर."

"टाकला की. आत्याबाई रडाय लागल्या. म्हनाल्या, मेलेल्या मानसाच्या तोंडावर फडकं टाकत्यात. परत कशाला मारतीस त्यास्नी?" तिनं नाक ओढलं. "मशीन चार म्हैनं झाकून पडलंय. वैनी म्हनती, चालवत नसशील तर मला दे. दिवाळीला दादा न्यायला येनार हाय."

हे नजरेचं प्रकरण काय आहे ते सांगते. खरा माणूस समोर बसलेला असेल आणि तुम्ही त्याच्या बाजूला सरकलात, तर त्याच्या डोळ्यांतलं पांढरं एका अंगाला जास्त दिसतं, नाक आडवं येतं, एक गाल मागं जातो. त्यावरून कळतं की तो आता आपल्याकडं बघत नाही. फोटोतला माणूस कागदाला चिकटलेला असतो. तुम्ही कितीही सरका, त्याचं बुबुळ पांढऱ्याच्या मधोमध असेल तर मधोमधच राहणार. म्हणून फोटो काढताना जो भिंगात बघतो, तो पुढं सगळ्यांकडं बघत राहतो, भिंतीच्या कुठल्याही खिळ्यावरून. दगडाच्या पुतळ्याला हे जमत नाही. आणि एखाद्यानं भिंगाच्या जरा बाजूला बघितलं असेल, तर तो कधीच कुणाकडं बघत नाही. तुम्ही त्याच्या नजरेसमोर जायला सरकलात की त्याची नजर तेवढीच पुढं सरकते.

हे सगळं मी सुमनला नीट समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय. पर बघत्यात न्हवं?"

"फोटोवरचे डोळे मी हलवणार नाही," मी म्हटलं. "तुझ्या ज्या सासूनं त्यांच्याबरोबर जन्म काढला, तिला नवऱ्याचे डोळे बदललेले कळणार नाहीत होय? मशीन राहील बाजूलाच, तुलाच घराबाहेर काढतील."

ती गेली. मी कामाला लागले, पण डोक्यात काहीतरी खुटखुटत होतं. बापू मला आठवत होते. सुमनच्या भावाच्या लग्नासाठी ते नवराबायको सांगलीला आले होते, तेव्हा हा फोटो काढलेला. पांढरा फेटा, मिशा, हातात काठी. मी त्यांच्या बायकोला, हौसाबाईंना म्हटलं होतं, तुम्हीही बसा शेजारी. तर बापू खुर्चीतून अर्धे उठलेच. "बायकूसंगं? मानसं काय म्हनतील?" माणसं कुठली? खोलीत आम्ही तिघंच होतो. हौसाबाई त्यांच्या वहाणा आणि पिशवी सांभाळत बाजूला उभ्या राहिल्या. मी दोन काचा, म्हणजे दोन निगेटिव्ह, घेतल्या. पहिल्या वेळी ते भिंगात असे बघत राहिले, जसं काही भिंगच त्यांच्या शेताचा बांध कोरतंय. दुसऱ्या वेळी मी शटरचा रबरी फुगा दाबला आणि त्याच क्षणी त्यांची नजर हलली. मी वळून बघितलं, काय आहे तिकडं म्हणून. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला आमचा पुरुषभर उंचीचा आरसा आहे. हौसाबाई पिशवी खाली ठेवून त्या आरशात स्वतःला बघत होत्या आणि नथ सारखी करत होत्या. एवढा आरसा त्यांनी आयुष्यात बघितला नसावा. आपल्याकडं कुणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नजर हललेली काच म्हणजे आमच्या हिशेबी वाया गेलेली. पण आम्ही निगेटिव्ह टाकत नाही. ह्यांना टाकवत नाही. ह्यांनी पोटमाळ्यावर शोध घेऊन ती काच काढली आणि तेवढ्याच आकाराचा फोटो करून दिला. काम झाल्यावर म्हणाले, "चांगला आलाय की. वाया का गेला म्हणालीस?" ह्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

पुढच्या महिन्यात वडूजकडच्या एका शाळेचे फोटो काढायचं काम होतं. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून मी एसटीत बसले.

हौसाबाईंनी चहा केला. सोप्यात शिरल्या शिरल्या मी बापूंना बघितलं, आणि खरं सांगते, सुमनचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडं फोटो उंचावर टांगतात आणि वरून पुढं झुकवतात. आधीच टक लावून बघणारा माणूस, त्यात वाकून बघतोय. मी स्टुलावर चढून मागची दोरी आखडली आणि फोटो भिंतीला सपाट टेकवला. म्हटलं, याच्यावर भागलं तर भागलं. खाली उतरून बघितलं. आधी बापू वाकून रागावत होते, आता ताठ बसून लक्ष ठेवत होते. म्हणजे फार काही साधलं नव्हतं. कोपऱ्यात मशीन गोधडीखाली झाकलेलं. सुमन आतल्या दाराशी पदर सावरून उभी.

"हिनं काय सांगितलं तुमास्नी?" हौसाबाई म्हणाल्या. "डोळं काढा म्हनाली?"

"काढा नाही. बाजूला करा म्हणाली."

"येकच झालं." त्या फोटोखाली जाऊन बसल्या. "आवं बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला काय सांगू? ह्या घरात मी नांदाय आले तवा सासू, सासरा, चार दीर, भरलं घर. चार मानसांत ह्यांनी माझ्याकडं कवा मान वर करून बघितलं न्हाई. मला हाक मारायची तर म्हशीला हाक मारायचे. म्हस बी उटायची आन् मी बी उटायची."

दारातून सुमनचं हसू फुटलं, तिनं ते पदरात दाबलं.

"हास, हास. आता मानसं गेली, म्हस बी गेली. आता कुटं मला जिथं बसीन तिथं बघत्यात. आन् ही म्हनती, बाजूला करा. करू का?"

मी गुंडाळलेला फोटो सोडला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

हौसाबाई पुढं झाल्या. बराच वेळ बघत होत्या. "ह्ये कुनाकडं बघत्यात?"

"तुमच्याकडं."

खोटी माळ खरी म्हणून विकणाऱ्याकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "माझ्याकडं कुटं? ते बघा, तिकडं बघत्यात." त्या डावीकडं सरकल्या. "आता त्याच्या बी पलीकडं." आणखी सरकल्या. मशीनला अडकल्या, वळसा घातला, पार भिंतीला जाऊन टेकल्या. तिथून मान काढून बघितलं. बापू आता भिंतीपलीकडं, बहुधा गोठ्याकडं बघत होते.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. "आगं बया! ह्येच त्ये. आसंच हुतं. म्होरं गेलं की ह्यांची नजर फुडं पळायची. सुमन, बघ गं, तुजा मामंजी. हुबेहूब!"

मग मी त्यांना आरशाचं सांगितलं. तुम्ही पिशवी खाली ठेवली होती, आरशासमोर उभ्या होता, नथ सारखी करत होता. त्याच वेळी हा फोटो निघाला. ते तुमच्याकडं बघत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि तो दुसरा, टक लावून बघणारा, तो कुणाकडंच बघत नव्हता. तो भिंगाच्या काचेकडं बघत होता.

त्यांचं हसू थांबलं. "तवा बघत हुते?"

"तेव्हाच."

"मला कसं दिसलं न्हाई?"

"तुम्ही स्वतःकडं बघत होता."

मी उगाच स्टुलावर चढून खिळा हलतोय का ते बघितलं. खिळा घट्ट होता. तरी थोडा वेळ बघितला.

"नथ वाकडी आसंल माजी," हौसाबाई मागून म्हणाल्या. "म्हनून बघितलं आसंल."

"असेल."

"आसंल न्हवं, तेच आसंल." त्यांनी पदरानं डोळे पुसले, पदर झटकला आणि एकदम हुकूम सोडला. "बाई, तुमी वर हाय तशा ऱ्हावा. त्यो खाली द्या आन् ह्यो वर लावा. चार मानसांत ह्यांनी आसंच बघायचं. सोप्यात मानसं येत्यात. तिथं टक लावून बघनं शोभत न्हाई."

"आणि हा?"

"त्यो सैपाकघरात लावा. माझ्या चुलीम्होरं. तिथं कोन येतंय? जन्मात कवा सैपाकघरात पाय टाकला न्हाई, आता बघू द्या की कोन काय करतंय ते."

मी म्हटलं, "धुरानं फोटो खराब होईल." हे मी आमच्या धंद्याच्या वतीनं म्हटलं.

"मी झालेच की खराब. ह्यांस्नी काय हुतंय?"

सुमन हळूच म्हणाली, "आत्याबाई, सैपाकघरात मी बी आसते."

"तू सोप्यात बस मशीनवर. भाकरी मी थापीन. मला तिथं आता सोबत हाय."

मी एसटी गाठायला निघाले तेव्हा मशीनवरची गोधडी निघाली होती. दिवाळीला भाऊ आला तो रिकाम्या हातानं परत गेला, आणि सुमनची वहिनी माझ्यावर अजून रागावलेली आहे. माधवनगर इथून फार लांब नाही, त्यामुळं हे मला वेळोवेळी कळत असतं.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या कामाला पुन्हा गेले. रस्त्यातच मशीनचा आवाज आला. सोप्यात गणवेशाच्या खाकी कापडाचा ढीग, सुमननं पदर कमरेला खोचलेला, आणि वरून बापू आपले गोठ्याकडं बघतायत, या सगळ्याशी आपला काही संबंध नाही असे. मी आत स्वयंपाकघरात गेले. हौसाबाई भाकरी करत होत्या. चुलीसमोरच्या भिंतीवर तो दुसरा फोटो. माझी भीती खरी ठरली होती. कागद पिवळा पडला होता, फेटा तर चहात बुडवल्यासारखा. काच मात्र लख्ख पुसलेली, आणि डोळे शाबूत.

आमच्या धंद्याला एक खोड असते. फोटो दिसला की दोन्ही बाजूंनी बघायचा. मी चुलीच्या या बाजूनं बघितलं, मग त्या बाजूनं बघितलं. मग उतरंडीकडं सरकून बघितलं.

मागून हौसाबाईंचं हसू ऐकू आलं.

"काय वो बाई? नजरंचा खेळ हाय म्हनला हुता न्हवं?"

"आहेच मुळी. का?"

"मग डोस्क्यावर पदर कवा घेतला?"

मी हात वर नेऊन बघितलं. पदर होता. सासरच्या माणसांपुढंसुद्धा मी तो कधी घेतलेला नाही.

"भाकरी बघा," मी म्हटलं. "करपतेय."

भाकरी काही करपत नव्हती. चांगली टम्म फुगली होती.